कोळ्याच्या धाग्यापासून मिल-डॉटपर्यंत: रायफल स्कोपमधल्या रेटिकलची गोष्ट

ही आजच्या भागाची लिखित प्रत. या भागात आकडे जरा जास्त आहेत, त्यामुळे ऐकताना काही निसटलं असेल तर इथे निवांत बघा.

पबजी खेळलेल्यांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. ८ एक्स सापडला की ४ एक्स जमिनीवर. जितका मोठा आकडा तितका भारी स्कोप, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. आता खऱ्या स्पर्धेत काय होतं ते ऐका. अमेरिकेत २०१२ साली प्रिसिजन रायफल सिरीज, म्हणजे पीआरएस नावाची स्पर्धा सुरू झाली. तिथले चांगले नेमबाज २५ पटीपेक्षा जास्त झूम असलेला, लाखांच्या किमतीचा स्कोप घेऊन येतात आणि बऱ्याच वेळा तो १२ ते १८ पटीवर ठेवूनच गोळ्या झाडतात. उरलेला झूम तसाच पडून राहतो.

मग इतके पैसे कशाचे मोजले? बऱ्याच अंशी त्या काचेवरच्या बारीक रेघांचे, आणि त्या रेघा जिथे बसवल्यात त्या जागेचे. या रेघांच्या जाळीला रेटिकल म्हणतात. भिंग दाखवायचं काम करतं, मोजायचं काम रेटिकल करतं. दोन स्कोपची तुलना करायची तर आधी ही मोजणारी बाजू समजून घ्यावी लागते. आणि तिची गोष्ट बंदुकीपासून सुरूच होत नाही. ती सुरू होते एका कोळ्यापासून. घरात जाळं विणतो तोच कोळी.

दुर्बिणीत शिरलेला कोळी

साल १६४० च्या आसपासचं. इंग्लंडमध्ये लीड्सजवळ मिडलटन नावाच्या गावी विल्यम गॅस्कॉइन नावाचा एक तरुण राहायचा. आकाश बघायचा नाद. एक दिवस त्याच्या दुर्बिणीच्या उघड्या नळीत कोळ्याने धागा ताणला. गॅस्कॉइनने डोळा लावला, तर समोरचं दृश्य आणि तो धागा, दोन्ही एकदम स्पष्ट! हे त्याने स्वतः पत्रात लिहून ठेवलंय.

आता यात विशेष काय? डोळ्यासमोर बोट धरा आणि लांबचं झाड बघा. बोट स्पष्ट दिसतं तेव्हा झाड धूसर, झाड स्पष्ट तेव्हा बोट धूसर. दोन्ही एकत्र नाहीच. मग तो धागा कसा दिसला? कारण गॅस्कॉइनची दुर्बीण केप्लरने १६११ साली सुचवलेल्या पद्धतीची होती, दोन्ही टोकांना बहिर्गोल भिंगं असलेली. या दुर्बिणीत पुढचं भिंग नळीच्या आत एका ठरावीक जागी दृश्याची खरी प्रतिमा तयार करतं. कोळ्याने नेमका त्याच जागी धागा ताणला होता. गॅलिलिओच्या दुर्बिणीत अशी जागाच नसते. तिच्यात शंभर कोळी शिरले असते तरी उपयोग नव्हता.

गॅस्कॉइन पुढे गेला. त्याने त्या जागी दोन सरकत्या पट्ट्या बसवल्या आणि त्या बारीक आट्यांच्या स्क्रूला जोडल्या. चंद्राच्या दोन कडा दोन पट्ट्यांमध्ये धरायच्या, स्क्रूचे किती फेरे झाले ते मोजायचं, की चंद्र आकाशात किती कोन व्यापतो ते कळलं. हाच मायक्रोमीटर. आजच्या कुठल्याही रायफल स्कोपमध्ये दोन मुख्य गोष्टी असतात: आत एक धागा आणि बाहेर कट-कट आवाज करत फिरणारा स्क्रू, म्हणजे टरेट. या दोन्हींचं मूळ लीड्सच्या या पोराच्या हातात होतं. पण इंग्लंडमध्ये यादवी युद्ध पेटलं. गॅस्कॉइन राजाच्या बाजूने लढायला गेला आणि २ जुलै १६४४ ला मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला. वय जेमतेम तिशीच्या पुढे. त्याची कागदपत्रं नंतर टाउनली घराण्याकडे राहिली, आणि त्याचा शोध लोकांपुढे यायला १६६० चं दशक संपत आलं.

भिंग की डोळा? पहिलं भांडण

नवीन गोष्ट आली की भांडण आलंच. डान्झिग, म्हणजे आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क. तिथे योहानेस हेवेलियस नावाचे मोठे खगोलशास्त्रज्ञ होते. ताऱ्यांची जागा मोजायला ते दुर्बीण वापरत नसत. धातूच्या मोठ्या कोनमापकावर उघड्या डोळ्याने नेम धरायचे. लंडनचे रॉबर्ट हूक यांनी छापून टीका केली की धागा लावलेली दुर्बीण हाताशी असताना हा हट्ट कशाला? शेवटी १६७९ साली बाविशीतल्या एडमंड हॅलीला डान्झिगला पाठवलं. हो, धूमकेतूवाले हॅली तेच. सोबत धागा लावलेली दुर्बीण. दोघांनी शेजारी शेजारी मोजमापं घेतली, आणि म्हाताऱ्याची नजर किती पक्की आहे हे बघून हॅली थक्क झाला.

पुढे जग अर्थातच हूकच्या बाजूने गेलं. उघड्या डोळ्याला मर्यादा आहे. पण हे भांडण लक्षात ठेवा. कोल्हापूरच्या एका मुलापाशी आपण याच मुद्द्यावर परत येणार आहोत.

धागा जमिनीवर उतरतो

आकाशातून धागा उतरला तो जमीन मोजणाऱ्यांच्या यंत्रात. सिव्हिल इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांनो, थिओडोलाइटमधून बघताना मधल्या रेघेच्या वर आणि खाली दोन छोट्या रेघा दिसतात, आठवतं? स्टेडिया हेअर. समोर उभ्या पट्टीवर त्या दोन रेघांमध्ये जितकी लांबी दिसेल तिला १०० ने गुणा, अंतर तयार. पट्टीचे १.५ मीटर दिसले की पट्टी १५० मीटरवर. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटने १७७० च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये मोजणी करताना अशाच रेघा वापरल्या होत्या.

यात तत्त्व एकच: वस्तूची उंची माहीत असेल आणि ती किती कोन व्यापते हे रेघांनी कळलं, तर अंतर काढता येतं. पुढे दीडशे-दोनशे वर्षांनी लष्करी नेमबाजांना नेमकं हेच हवं होतं.

आणि धागा? तो बराच काळ खरोखर कोळ्याचाच राहिला. इतका बारीक, एकसारखा आणि चिवट धागा माणसाला बनवता येत नव्हता. दुसऱ्या महायुद्धातसुद्धा अमेरिकेत ब्लॅक विडो जातीच्या कोळ्यांचे धागे प्रकाशीय यंत्रांत वापरले जात. नंतर काचेवर रेघा कोरायचं तंत्र सुधारलं आणि कोळी निवृत्त झाला.

स्कोप बंदुकीवर चढतो

बंदुकीवर दुर्बीण बसवायचे प्रयोग एकोणिसाव्या शतकात जोरात सुरू झाले. त्यातल्या एकाचा धागा थेट आपल्या भागाशी जुळतो. डेव्हिड डेव्हिडसन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातला अधिकारी. रायफलवर दुर्बीण बसवायचे प्रयोग त्याने हिंदुस्थानात नोकरीवर असतानाच केले. १८६० च्या दशकात त्याचा स्कोप इंग्लंडच्या प्रसिद्ध व्हिटवर्थ रायफलवर लागला. तो वर न बसवता रायफलच्या डाव्या अंगाला बसवत. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांकडे अशा काही रायफली पोचल्या.

त्याच काळात न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात विल्यम माल्कम १८५५ पासून स्कोप बनवत होता. त्याचे स्कोप जवळपास नळीइतके लांब. नेम वर-खाली करायचा तर अख्खा स्कोपच हलवायचा. स्क्रू स्कोपच्या आत नसायचे, बाहेरच्या पकडीत असायचे. पुढे पिट्सबर्गच्या युनर्टलचे स्कोपही याच पद्धतीचे. स्क्रू आत गेले तेव्हा वेगळीच पंचाईत झाली: नेम जुळवताना आतला धागाच सरकायचा, आणि मग फुली मधे न दिसता कोपऱ्यात दिसायची. यावर उपाय म्हणून धागा मधेच ठेवून आतली नळी तिरकी करायची पद्धत आली. आज टरेट फिरवला तरी फुली मधेच दिसते, ती त्यामुळे.

एक मजेशीर योग बघा. आज स्कोपमधलं मोठं नाव असलेली ल्यूपोल्ड कंपनी १९०७ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडला सुरू झाली, ती जमीन मोजणीची यंत्रं दुरुस्त करायला! रायफल स्कोपकडे ती वळली १९४० च्या दशकात. म्हणजे आकाश, मग जमीन, मग बंदूक: धाग्याचा प्रवास एकाच घरात दिसतो.

पहिली जागा की दुसरी जागा

आता या भागातला सगळ्यात कामाचा मुद्दा. केप्लरच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं. चंद्र उलटा दिसला तर बिघडत नाही, पण रायफलवर उलटं चित्र चालणार नाही. म्हणून मधे आणखी भिंगं घालून ते सुलटं करतात. त्यामुळे स्कोपच्या आत प्रतिमा दोनदा तयार होते: एकदा ती भिंगं यायच्या आधी, एकदा त्यांच्या नंतर. धागा ताणायला दोन जागा मिळाल्या. पहिल्या जागेला फर्स्ट फोकल प्लेन, एफएफपी म्हणतात. दुसऱ्या जागेला सेकंड फोकल प्लेन, एसएफपी.

झूम नसलेल्या स्कोपमध्ये कुठेही ताणा, फारसा फरक नाही. झूम आला आणि प्रश्न उभा राहिला. कारण झूम होतो तो या मधल्या भिंगांमुळे. धागा त्यांच्या आधी असेल तर लक्ष्याबरोबर धागाही मोठा-लहान होतो. नंतर असेल तर लक्ष्य मोठं-लहान होतं, पण धागा तेवढाच राहतो.

युरोपातल्या शिकाऱ्यांची परंपरा पहिल्या जागेची. जर्मन रेटिकलचे खांब जाडजूड, संधिप्रकाशातही दिसावेत म्हणून. अमेरिकेला दुसरी जागा आवडली: धागा कायम बारीक, चित्र स्वच्छ. ल्यूपोल्डने १९६२ साली आणलेला ड्युप्लेक्स, कडेला जाड आणि मधे बारीक, अमेरिकन शिकाऱ्यांच्या घराघरात पोचला.

तोपर्यंत धागा फक्त ‘इथे मार’ एवढंच सांगत होता. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन मरीन कोअरच्या युनर्टल १० पटीच्या स्कोपमध्ये मिल-डॉट आला आणि धागा मोजायला लागला. फुलीच्या रेघांवर ठिपके, दोन ठिपक्यांच्या मध्यांमधलं अंतर १ मिल. मिल म्हणजे मिलीरेडियन: १००० मीटरवर १ मीटर, १०० मीटरवर १० सेंटिमीटर. अर्ध्या मीटरची पाटी १ मिल दिसली की ती ५०० मीटरवर, ०.८ मिल दिसली की ६२५ मीटरवर. वॉटच्या स्टेडिया रेघांचं हे सख्खं भावंड.

आता धागा मोजणार असेल, तर त्याचं माप झूम बदलला तरी खरं राहिलं पाहिजे. एसएफपी स्कोपमध्ये माप एकाच झूमवर खरं असतं, बहुतेक वेळा सगळ्यात जास्त झूमवर. समजा २४ पटीवर माप बरोबर आहे आणि तुम्ही १२ पटीवर आहात. वाऱ्यासाठी रेटिकलवर १ मिल बाजूला धरलात, की प्रत्यक्षात धरले २ मिल. ६०० मीटरवर ६० सेंटिमीटर हवे होते, गेले १२०. पाटी वाचली, तुम्ही बुडालात.

दोन स्पर्धा, दोन उत्तरं

मग एफएफपीच चांगला, असं म्हणून मोकळं व्हायचं का? थांबा. दोन स्पर्धा शेजारी ठेवून बघू.

पहिली, एफ-क्लास. कॅनडाचे जॉर्ज फारक्वारसन यांच्या नावातला हा ‘एफ’. जमिनीवर पालथं पडून, रायफल आधारावर ठेवून मारायचं. अंतर आधीच ठरलेलं, अगदी १००० यार्डांपर्यंत. तिथे दहा गुणांचं वर्तुळ १० इंचाचं आणि त्याच्या आतलं एक्सचं ५ इंचाचं, म्हणजे साधारण १२.७ सेंटिमीटर. प्रत्येक गोळी कुठे लागली ते दाखवलं जातं. वारा बदलला तर नेमबाज लक्ष्याच्याच वर्तुळांवर नेम सरकवतो. त्याची मोजपट्टी समोर लक्ष्यावरच छापलेली आहे! स्कोपमधल्या धाग्याने फक्त बारीक राहायचं आणि लक्ष्य झाकायचं नाही. म्हणून तिथे एसएफपी चालतो आणि शोभतो. नाइटफोर्सचा १५ ते ५५ पटीचा कॉम्पिटिशन स्कोप हे त्याचं नेमकं उदाहरण.

टरेटचंही तसंच. तिथे एमओए, म्हणजे मिनिट ऑफ अँगल, अंशाचा साठावा भाग. १००० यार्डांवर १ एमओए म्हणजे सुमारे साडेदहा इंच. एक अष्टमांश एमओएच्या एका क्लिकने गोळी तिथे ३.३ सेंटिमीटर सरकते. मिलवाल्या स्कोपच्या नेहमीच्या ०.१ मिल क्लिकने सरकते ९ सेंटिमीटरच्या वर. १२.७ सेंटिमीटरच्या वर्तुळासाठी ही पायरी फार मोठी.

दुसरी स्पर्धा, पीआरएस. या प्रकाराची जागतिक स्पर्धा २०२२ साली फ्रान्समध्ये झाली. इथे लाकडी अडथळे, टायर, छपरासारखे उतार, कशावरही रायफल टेकवायची. वेगवेगळ्या अंतरांवर लोखंडी पाट्या, आणि हातात साधारण दीड-दोन मिनिटं. अंतरं बहुतेक वेळा सांगितलेली असतात, पण वारा कुणी सांगत नाही. पाटीवर वर्तुळं नाहीत. गोळी चुकली तर माती कुठे उडाली ते स्वतः बघायचं, रेटिकलवर मोजायचं, आणि तेवढंच सरकवून लगेच दुसरी मारायची. झूम जास्त ठेवला तर दृश्य अरुंद होतं, पुढची पाटी सापडत नाही, उडालेली मातीही दिसत नाही. म्हणून झूम कमी, आणि झूम कुठेही असला तरी माप खरं हवं. इथे एफएफपी लागतो. श्मिट अँड बेंडरचा ५ ते २५ पटीचा पीएम टू किंवा व्होर्टेक्सचा ६ ते ३६ पटीचा रेझर, दोन्ही याच जातीचे.

मिल की एमओए, यावरही लोक तावातावाने भांडतात. दोन्हींनी कोनच मोजला जातो, १ मिल म्हणजे ३.४४ एमओए. खरी अडचण वेगळीच होती. बरीच वर्षं स्कोपमध्ये रेटिकल मिलचं आणि टरेट एमओएचा असायचा! माती अर्धा मिल बाजूला उडाली, तर डोक्यात १.७ एमओए करायचे, मग पाव एमओएचे ७ क्लिक मोजायचे, आणि इकडे घड्याळ पळतंय. दोन्ही एकाच मापात आले आणि हा ताप संपला.

ख्रिसमसच्या झाडासारखी खाली पसरत जाणारी, ठिपक्यांनी भरलेली रेटिकलं, होरस कंपनीने गाजवलेली, हीसुद्धा वेळ वाचवायला आली: टरेटला हात न लावता झाडाच्या योग्य फांदीवर लक्ष्य धरा आणि मारा. काहींना ती देवासारखी वाटतात. काही म्हणतात, या गर्दीत माती उडालेली दिसत नाही. दोघांचं खरं आहे. धागे वाढवले की मोजणं सोपं होतं आणि बघणं अवघड होतं.

आणि कोल्हापूरचा तो मुलगा

आता हेवेलियसकडे परत येऊ. १ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. ४५१.४ गुण. त्याच्या रायफलवर स्कोप नव्हता. ऑलिंपिक रायफल प्रकारांत स्कोप चालतच नाही. मागे बारीक छिद्राची चकती, पुढे एक कडं, आणि त्या कड्याच्या मधोमध लक्ष्याचा काळा गोल. वर्तुळात वर्तुळ बसवायचं काम डोळ्याचं.

दहाचं वर्तुळ किती मोठं? ५० मीटरवर १०.४ मिलिमीटर, म्हणजे ०.२ मिलच्या जेमतेम वर. एफ-क्लासचं दहाचं वर्तुळ १००० यार्डांवर ०.२८ मिल. अंतर वेगळं, वारा वेगळा, रायफली वेगळ्या, त्यामुळे कोण मोठा ही तुलना करू नका. पण कोनाच्या हिशोबात उघड्या डोळ्याने, तेही गुडघ्यावर बसून आणि उभं राहून मारायचं लक्ष्य स्कोपवाल्यापेक्षा लहान आहे. तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनचं विश्वविजेतेपद जिंकलं, तेही असंच, स्कोपशिवाय.

ऑलिंपिकमध्ये अंतर ठरलेलं, लक्ष्य ठरलेलं, उजेड बऱ्यापैकी सारखा. मोजण्यासारखं फार कमी उरतं, म्हणून धागा लागत नाही. पण मागच्या चकतीच्या बाजूला बघा: बारीक क्लिकचे दोन स्क्रू. वारा बदलला की स्वप्नीलही तेच फिरवतो. भिंग गेलं, धागा गेला, गॅस्कॉइनचा स्क्रू राहिला.

म्हणून मंडळी, उद्या कुणी विचारलं की कुठला स्कोप भारी, तर आकड्याच्या आधी त्याला विचारा: तुझ्या स्पर्धेत तुला काय माहीत नाही? अंतर माहीत नसेल तर मोजणारा धागा हवा. वारा माहीत नसेल आणि वेळ कमी असेल तर कुठल्याही झूमवर खरं बोलणारा धागा हवा. सगळं माहीत असेल आणि फक्त बारीक मारायचं असेल तर लक्ष्य न झाकणारा, केसासारखा धागा हवा. याचं उत्तर नसेल तर अजून स्कोप घेऊ नका, आधी रेंजवर जाऊन चार स्पर्धा नुसत्या बघा.

एवढंच आजच्या भागात. तुमच्या कॉलेजात थिओडोलाइट असेल तर एकदा डोळा लावून या, आणि आत किती रेघा दिसल्या ते कळवा. भेटू पुढच्या भागात.